फणीचे दात

माणगावच्या बाजारात सकाळपासून माझं डोकं उठलं होतं. अंबाड्यात खोचायची सेल्युलॉइडची फणी, आग धरू नये म्हणून टाकणखार मिसळून मी स्वतः केलेली, दिव्यावर धरून दाखवत होतो. पेटत नव्हती. तरी बाया तिच्या दातांवर बोट फिरवून नाक मुरडत होत्या.

"दात ठिसूळ हायत. मुंबईच्या फणीसारखी न्हाय ही."

"अहो मावशी, मुंबईची फणी एका ठिणगीनं भडकते!"

"चुलीत डोकं घालून कोण बसतंय?"

मी ओरडणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, केसरनं, डोक्यावरचा पदर मागे सारला. एका बाजूला केस नव्हते. कानही अर्धाच होता.

"भाकरी भाजत व्हते, मावशी," ती म्हणाली. "फणी मुंबईचीच व्हती. दात लय चांगले व्हते तिचे."