एका माणसाची खोली

लिओंतिनाने मासिकातून फाडलेलं पान सुतारासमोर आपटलं.

"असा पलंग हवा. पण याच्या निम्म्या रुंदीचा."

दोरू सुताराने आधी चित्र पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "मावशी, यावर कूस बदलायला गेलं तर माणूस खाली पडेल."

"पडू दे. लाकूड मात्र ओकचं घाल. मोडता कामा नये."

"जन्मभर टिकेल, काळजी नको."

"त्याहून जास्त टिकायला हवं," ती म्हणाली. "आणि शुक्रवारपर्यंत घरी पोचव."

लिओंतिना अडुसष्ट वर्षांची. तिचा नवरा सबीन जाऊन या उन्हाळ्यात सात वर्षं होणार होती. तो असताना त्या घरात एक खिळासुद्धा तिच्या मनाने ठोकला गेला नव्हता. एकदा तिने न विचारता पडदे बदलले, तेव्हापासून तिचं डावं मनगट पुरतं वळत नाही. गावाला ते ठाऊक होतं आणि गाव गप्प होतं. असल्या बाबतीत गप्प बसायला गावाला शिकवावं लागत नाही.

म्हणून ती सुनेची घरसजावटीची मासिकं चाळू लागली, बसने शहरात जाऊन दुकानं पालथी घालू लागली, तेव्हा लोक म्हणाले, बरं झालं, म्हातारी आता कुठे स्वतःसाठी जगायला लागली.

सुनेच्या, मिराबेलाच्या, मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती, नवरा ओविदियू आणि दोन मुली स्वयंपाकघरामागच्या एका खोलीत झोपत. पुढची दोन खिडक्यांची मोठी खोली सबीन गेल्यापासून कुलपात होती. मिराबेला दोन वर्षं त्या खोलीसाठी चित्रं जमवत होती. फिकट पिवळ्या भिंती, लांब सोफा, आठ जणांचं टेबल. ती खोली मिळाली नाही तर शाळा उघडायच्या आत मुलींना घेऊन स्पेनला बहिणीकडे जायचं, हे तिने ओविदियूला बजावलं होतं. आणि आता सासू तिचीच मासिकं फाडून तीच खोली स्वतःच्या मनासारखी भरत होती.

सामान उचलायला शहरात मिराबेलालाच जावं लागलं. लिओंतिना दुकानातल्या अकरा खुर्च्यांवर एकामागून एक बसली.

"ही मऊ आहे," तिने शेवटच्या खुर्चीवर नाक मुरडलं.

"मऊ असणं हा दोष कधीपासून झाला?" दुकानदाराने विचारलं.

ती उठली. हात नसलेली, कडक पाठीची एक खुर्ची घेतली. एकच. मग एक ताटली, एक चमचा, एक कप. घरात कप ठेवायला जागा नाही, मिराबेला म्हणाली. खोटं नव्हतं ते. गावात कुणाचंही श्राद्ध असलं की मेणबत्ती खोचलेला कप हातात पडतोच, आणि त्या कपांनी कपाट भरलेलं होतं.

"ते दुसऱ्यांच्या माणसांच्या नावाचे आहेत," लिओंतिना म्हणाली आणि नवा कप पिशवीत टाकला.

शुक्रवारी दोरूने पलंग आणून टाकला. मिराबेला दारात उभी राहून बघत होती. अरुंद पलंग, करडं पांघरूण, एक उशी. छोटं टेबल, खुर्ची. भिंतींवर मात्र ओलीचे जुने डाग तसेच होते. मग तिचा संयम सुटला.

"एवढा थाट केलात, भिंतींना चुना तरी लावायचा."

"भिंतींचं नंतर बघू."

"आणि आम्ही कुठे बसायचं? इथे माणसं राहतात की बैरागी? नाती आजीकडे आल्या तर काय उभ्या राहतील?"

"इथे दुसरं कुणी येऊ नये, म्हणूनच सगळं एकेक आणलंय," लिओंतिना शांतपणे म्हणाली.

मिराबेलाला रडू फुटणार होतं, पण राग मोठा होता. "मग राहा एकट्या. मी सामान बांधते."

"उद्याचा शनिवार जाऊ दे. मग बांध."

ओविदियू बापाच्या घरात जे शिकला होता तेच त्याने केलं. तो अंगणात निघून गेला.

सकाळी मिराबेलाला जाग आली ती गहू शिजल्याच्या वासाने. ती बाहेर आली. पलंग, टेबल, खुर्ची, सगळं अक्रोडाच्या झाडाखाली मांडलेलं होतं. ते दान घ्यायला सबीनच्या वयाचा, एकटा राहणारा गावातला निस्तोर धुवट सदरा घालून, टोपी हातात धरून उभा होता. पाद्रीबाबा धुपाटणं पेटवत होते. सबीनचं सातवं श्राद्ध. तिथी पुढच्या महिन्यात होती, पण लिओंतिनाने पाद्रीबाबांना गाठून ती अलीकडे ओढली होती. मेलेल्याचं नाव घेऊन जे दिलं ते त्याला तिकडे मिळतं, आणि सातव्या वर्षानंतर काही पाठवता येत नाही, हे त्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होतं.

लिओंतिनाने पुढच्या खोलीची किल्ली सुनेच्या हातावर ठेवली. "रिकामी आहे. पिवळा रंग लाव."

मिराबेलाने किल्लीवर मूठ मिटली. "आधी सांगितलं का नाही?"

"ओविदियूने बापासाठी मऊ गादी आणली असती."

पाद्रीबाबांनी सामानावरून नजर फिरवली आणि कपाळाला आठी घातली. "उशी एकच, लिओंतिना? बायका नवऱ्याच्या नावाने दोन देतात. खुर्ची एक, कप एक. उद्या तू वर गेलीस की त्याच्याकडे बसशील कुठे?"

लिओंतिनाने डाव्या, न वळणाऱ्या हाताने मेणबत्ती कपाच्या कानात खोचली आणि पेटवली.

"नाव मोठ्याने घ्या, बाबा," ती म्हणाली. "सगळं त्यालाच पोचलं पाहिजे."