त्रेचाळीस अंश

म्हातारा ओतारी यंत्राच्या कड्यात कमरेपर्यंत सरकून छताकडे बघत पडला होता. काल त्याच्या मांडीतल्या कॅन्सरच्या गाठीत सुईने लोखंडाचे कण सोडले होते, धुळीहूनही बारीक. कड्यातलं चुंबक चालू झालं की ते कण तापणार आणि गाठ आतल्या आत भाजणार.

"जन्मभर मी लोखंड वितळवलं. आता ते उट्टं काढतंय," तो म्हणाला.

यंत्र चालवणारी मुलगी हसली. "बाबा, गाठ किती तापली ते मला पडद्यावर दिसतं. चुंबकाने कातडीही कुठे कुठे तापते, पण ते मला दिसत नाही. चटका बसला की लगेच हे हातातलं बटण दाबायचं. उगाच मर्दुमकी नको."

"बरं."

काचेपलीकडे त्याची बायको उभी होती. आकडा त्रेचाळीसवर चढला. तासभर तो तिथेच ठेवायचा होता.

चाळीस मिनिटं झाली. म्हाताऱ्याने तोंडातून ब्र काढला नव्हता. मग बायकोचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. बोटं आत वळली होती. तिला ती बोटं ठाऊक होती. ठिणगी बुटात शिरली तरी साचा भरेपर्यंत हा माणूस जागचा हलत नसे, आणि घरी ती मलम लावायला बसली की बोटं अशीच वळायची.

"थांबवा!" ती काचेवर थापा मारू लागली.

"आजी, त्यांनी बटण दाबलेलं नाही."

"ते दाबणारच नाहीत!"

मुलीने यंत्र थांबवलं. जांघेत, कातडीला कातडी टेकते तिथे, तळहाताएवढा भाग भाजून निघाला होता. डॉक्टर आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "जखम भरेपर्यंत पुढचं काही करता येणार नाही. दोन महिने तरी."

गाठ दोन महिने थांबणारी नव्हती. ते तिथल्या सगळ्यांनाच कळत होतं.

डॉक्टर गेल्यावर बायको नवऱ्यावर उखडली. "अहो, बटण हातात होतं ना? मग दाबायला काय झालं होतं?"

"वीसच मिनिटं राहिली होती," तो ओशाळून म्हणाला. "अर्धवट ओतलेला साचा मोडीतच जातो गं. आणि सकाळी तूच म्हणालीस ना, दातावर दात धरून सोसा, पण मला एकटीला टाकून जाऊ नका."

बटण अजून त्याच्या मुठीत होतं. तिने एकेक बोट उलगडून ते काढून घेतलं आणि दाबलं. पुन्हा दाबलं. यंत्र केव्हाच बंद झालं होतं, तरी ती दाबतच राहिली.