दवाखान्याची ड्यूटी

लासूर स्टेशनच्या फलाटावर चार दिवस एकटाच बडबडत बसलेल्या कडुबाला घेऊन हवालदार संघपाल सकाळीच संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात आले. नंबर लागायला दुपार झाली.

"झोप लागते का?" डॉक्टर मॅडमनी कडुबाला विचारलं.

"नाय."

"जेवण?"

"मनच होत नाय."

"घरी कोणाशी बोलता?"

"कोन हाय बोलायला?"

संघपाल भिंतीला टेकून ऐकत होते. कडुबाला वॉर्डात नेलं, कागदांवर सह्या झाल्या, तरी ते तिथून हलले नाहीत.

"हवालदार, तुमचं काम झालं. जाऊ शकता तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

टोपी काढून संघपाल कडुबाच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

"मॅडम, आता त्याला जे विचारलं, ते मला पन विचारा."