दहावं डोकं

जॉमरेनं केस कापायचं मशीन चालू केलं आणि गावच्या आंदोलन समितीचे अध्यक्ष पिओ यांच्या डोक्यावरचे होते नव्हते ते चार केस पांढऱ्या कापडावर उतरवले. अध्यक्षांनी टकलावरून हात फिरवला, कपाळाला लाल पट्टी बांधली आणि माइक ओढला. समोर मांडव गच्च भरलेला. पहिल्या रांगेत राजधानी सोलहून आलेले संरक्षण खात्याचे दोन अधिकारी. पाठीमागे छावणीचं बंद पडलेलं मुख्य फाटक आणि त्याला गंजलेलं कुलूप.

“छावणी पुन्हा उभी करा! आमचे जवान आम्हाला परत द्या!” सगळं गाव एका सुरात ओरडलं.

सरकारला जाग आणायची म्हणजे भर सभेत डोकी भादरून घ्यायची, ही रीत जॉमरेला नवी नव्हती. नवं होतं ते गिऱ्हाईक. तीस वर्षं तिचं दुकान या फाटकासमोर चाललं ते जवानांच्या जिवावर. भरतीला आलेलं कोवळं पोर खुर्चीत बसलं की ती मागून सुरुवात करायची आणि कपाळावरची झुलपं शेवटी काढायची. तेवढा वेळ तरी त्याला आरशात स्वतःचाच चेहरा दिसावा म्हणून. मग पलटण हलली आणि खुर्च्या ओस पडल्या. आता उरली होती मागच्या फाटकानं ये-जा करणारी एक लहानशी तुकडी, आणि तिच्यात सार्जंट होता जॉमरेचा मुलगा सोकजून.

गावाचा सगळा दावा या एका पोरावर उभा होता. “टिकवायचे म्हटलं तर जवान टिकतात,” अध्यक्ष दर सभेत सांगायचे. “आमच्या जॉमरेताईंचा मुलगा बघा! बाकीचे राजीनामे टाकून शहरात पळाले, हा पाय रोवून उभा आहे.” ऐकताना जॉमरेची मान ताठ व्हायची. तिच्या नवऱ्याची अख्खी नोकरी याच छावणीत झाली होती. पोरगाही इथूनच निवृत्त होणार, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. सोकजूननं एकदा नोकरी सोडायची गोष्ट काढली, तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

आज सकाळीही त्याच्या वाडग्यात सूप ओतताना तिनं बजावलं होतं, “मांडवाकडं फिरकू नकोस हं. फौजेतला माणूस आंदोलनात दिसला की त्याची नोकरी गेलीच म्हणून समज.”

“हूं,” तो म्हणाला होता आणि भात चिवडत बसला होता.

दहा डोकी भादरायचं ठरलं होतं, नऊ झाली. दहावी खुर्ची रिकामीच. कोंबडीवाला माक ऐनवेळी सटकला होता. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं, फोटोत टक्कल नको म्हणे.

“सुट्टीच्या दिवशी जवानांना दुप्पट भावानं कोंबडी विकायला मात्र पुढं असायचा,” मागून कोणीतरी बोललं.

“आणि अध्यक्षांच्या लॉजचं भाडं? ते काय धर्मशाळेतलं होतं?”

मांडवात हशा पिकला. अध्यक्षांचं ताजं टक्कल लाल झालं. “पुरे, पुरे! दहावा कोण ते बोला! गावासाठी एक डोकं द्या रे कुणीतरी!”

गर्दीतून करड्या जाकिटातला एक जण वर आला आणि मुकाट्यानं दहाव्या खुर्चीत बसला. सोकजून होता तो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांना तर अस्मान ठेंगणं झालं. “पाहा साहेब, याला म्हणतात निष्ठा! सेवेतला जवान गावासाठी नोकरी पणाला लावून बसलाय!”

अधिकाऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एकानं मोबाइल काढून फोटो घेतला. जॉमरे मुलावर ओणवी झाली.

“ऊठ मेल्या! ते बघतायत. नोकरी जाईल तुझी!”

“नाही जायची.”

“कशी नाही जायची?”

“जायला उरायला तर हवी ना, आई. काल माझ्या राजीनाम्यावर साहेबांची सही झाली.” तो समोर बघतच हळू आवाजात बोलत होता. “आमची तुकडीही दक्षिणेला चाललीय. मला म्हणाले, तूही चल. मी म्हटलं, माझं घर इथं आहे. घरी सांगितलं असतं तर तू ताटावरून उठली असतीस.”

जॉमरेच्या हातातलं मशीन नुसतंच घुर्र करत राहिलं. ज्याच्याकडं बोट दाखवून गाव छावणी मागत होतं, तोच आता जवान राहिला नव्हता. उरलीसुरली तुकडीही निघाली होती. हे अजून मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मग इथं कशाला येऊन बसलास?”

“एक डोकं कमी पडत होतं ना.”

तिनं त्याच्या मानेवरून हात फिरवला. केस असे नव्हतेच. गेल्याच रविवारी तिनं कापले होते. मंचावर आरसा नव्हता, तरी तिनं मागूनच सुरुवात केली. तिला राग आला होता, पोराचा, सरकारचा, कुणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

“आता पुढं काय करणारेस?” तिनं विचारलं.

“संध्याकाळी घरी जेवायला येणार.”

“आमचे जवान आम्हाला परत द्या!” गाव मुठी उगारून ओरडलं.

एवढ्या मोठ्या मांडवात मागणी मान्य झाली होती ती एकट्या जॉमरेची, आणि डोळे पुसत होती तीही एकटीच.