माळ्यावरची शांतता

पंच्याहत्तर साली अक्कलकोट रोडजवळच्या त्या घरात खाली दोन यंत्रमाग होते आणि उरलेल्या जागेत अख्खं कुटुंब. तीन दिवस तापानं फणफणलेल्या मल्लिकार्जुननं शेवटी थोरल्या भावापुढं हात जोडले.

"अण्णा, घटकाभर माग बंद करा की. डोकं फुटायला लागलंय."

"चादरी उद्याच द्यायच्यात रे, कसं बंद करू?" अण्णा हताशपणे म्हणाले. "तू माळ्यावर जाऊन पड. तितं तुला कुणी त्रास देणार न्हाय."

त्याच्या बायकोनं, दाक्षायणीनं, माळ्यावरची लाकडं नि डबे बाजूला सारून अंथरूण घातलं. जन्मात पहिल्यांदाच त्याला घरात स्वतःची अशी जागा मिळाली. पण फळ्यांखालून माग डोक्यात घण घालतच होते. कानांवर उशी दाबून तो रडकुंडीला आला.

"सिद्धेश्वरा, एकदाचा हा आवाज थांबव रे!"

तसंच विनवता विनवता त्याला ग्लानी आली.

जाग आली तेव्हा ताप उतरला होता आणि घर अगदी शांत होतं. आपल्यासाठी अण्णांनी माग बंद ठेवले, या विचारानं त्याचे डोळे भरून आले. त्यांच्या पाया पडावं म्हणून तो भिंतीला धरून, सावकाश शिडी उतरला.



खाली दोन्ही माग जोरात चालू होते, आणि दाक्षायणी त्याच्याकडं बघून नुसतेच ओठ हलवत होती.