शेगडीतले शिंपले

पाद्रीबाबांनी सब्ज्याची जुडी मंतरलेल्या पाण्यात बुडवली आणि तिबेरिऊसाहेबांच्या नव्या घरावर शिंपडत ते अंगणातल्या दगडी शेगडीपाशी आले. शेगडीवर मिची, म्हणजे खिम्याच्या वळकट्या, चरचरत होत्या. पाणी उडालं तसा कोरडा, करडा दगड हिरवट काळा झाला आणि त्यात पांढऱ्या शिंपल्यांची एक ओळ उमटली.

लुक्रेत्सियाचा पेला हातातच राहिला. ही ओळ तिने झोपेतही ओळखली असती.

गावाखालच्या गरम पाण्यापर्यंत पोचलेली बोअर एकच. ती केव्हाच बुजवली. उरले होते ते तिच्यातून काढलेले, अशाच शिंपल्यांचे दगडाचे गोल दांडे, सरकारी गोदामात, लुक्रेत्सियाच्या ताब्यात. त्यांतून पाणी किती झिरपतं ते तपासायला उद्या क्लुज शहरातून संशोधक येणार होते. जमलं असतं तर त्या पाण्यावर गावातलं घरन् घर हिवाळ्यात ऊबदार झालं असतं. ती आईच्या आजारपणात रजेवर गेली काय, परत आली तर गोदाम रिकामं. "दांड्यांच्या पेट्या नव्या जागी हलवल्यात," साहेब म्हणाले होते.

ती वाकली आणि शेगडीच्या कडेच्या गार दगडाला जीभ लावली. दगड चाखून बघायची ही भूगर्भतज्ज्ञांची जुनी सवय. आधी वाळूचे कण लागले, मग मेंढीची शिळी, खवट चरबी.

"शी! अहो बाई, जीभ काय लावताय?" साहेबांची बायको किंचाळली. "आम्ही खाणं भाजतो त्याच्यावर!"

साहेब हसले. "अंधारात धूळ खात पडले होते हो नुसते. फोटो आहेत की सगळ्यांचे संगणकात." मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्या त्यांना सांगा, गोदामात पुराचं पाणी शिरलं. बाकी मी बघतो." आणि तिच्या बशीत एक गरम मिची वाढली. वर मोहरीची चटणीही घातली.

"फोटोतून पाणी झिरपतं का, साहेब?"

तिने बशी तिथेच गवतात उपडी केली. तोंडातली चरबी त्यांच्या बुटांपाशी थुंकली.

"किळस येते मला तुमची," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "उद्या पाहुण्यांना इथेच घेऊन येते. पाद्रीबाबा, तुम्ही का थांबलात? पायऱ्या राहिल्या की."

पाद्रीबाबांनी साहेबांकडे पाहिलं, पायऱ्यांत बसवलेल्या दगडाच्या गोल चकत्यांकडे पाहिलं आणि जुडी पुन्हा पाण्यात बुडवली. पहिल्या पायरीत शिंपले उमटले. दुसरीतही.

साहेबांची बायको स्वयंपाकघरातलं ओलं फडकं घेऊन धावली आणि घाईघाईने पायऱ्या पुसू लागली. ती पुसेल तिथे शिंपले वर येत होते.