अकरावा कागद

जमनाने कागद पुढे केला, पण लगेच हातातून सोडला नाही. "नेतेस तर ने. पन वाचून झालं का आयशीला नको सांगू," ती म्हणाली. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी कारखान्यात काम करताना दगावला होता. बाई घाबरली आहे, असं ज्ञानेश्वरीला वाटलं.

कुंभवलीत गोळा केलेला हा अकरावा कागद; कारखान्यात माणूस गेला की त्याच्या बायकोचा अंगठा घेतलेला. घराघरांतून कागद मिळाले, पाणी मिळालं. तक्रारीच्या अर्जावर सही मागितली की मात्र सगळे मिठाची गुळणी धरून बसत. तिचे वडील नागोराव त्याच कारखान्याच्या टाकीत उतरले आणि वायूने गुदमरून गेले, त्याला नऊ दिवस झाले होते. कारखाना म्हणत होता, हृदयविकार. तसा छापील कागद आईच्या अंगठ्यासाठी घरी येऊन पडला होता. अंगठा द्यायचा नाही, असं तिने आईला बजावलं होतं.

ज्ञानेश्वरी पुण्यात दीर्घिकांवर, दूरदूरच्या आकाशगंगांवर, संशोधन करायची. कुठल्या दीर्घिकेत अजून तारे जन्मतात, कुठलीत जन्मायचे थांबले आणि का, यातच तिची उमेदीची वर्षं गेली. लांबच्या दीर्घिकेचा उजेड इतका फिकट, की एका फोटोत काही म्हणता काही दिसत नाही. मग तसले शेकडो फोटो एकावर एक रचायचे. वेगवेगळं असेल ते विरतं, सारखं असेल ते उठून दिसतं.

हे कागद म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्स. वरचा मजकूर वाचता येई: आजार जुनाच, मृत्यूचा कामाशी संबंध नाही. खालची साक्षीदाराची सही पार विटलेली. हा खोटारडा एकदा सापडू दे, त्याला कोर्टात उभा करते, असं ती दातओठ खात आईला म्हणाली होती.

दुपारी तिने अकरा कागदांचे फोटो लॅपटॉपवर एकमेकांवर बसवले. मेलेल्यांची नावं, तारखा, बायकांचे अंगठे विरून गेले. छापील मजकुराखाली सही तेवढी वर आली. लांब शेपटीचा 'व', खाली दोन टिंबं. पहिलीपासून तिच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालकाच्या रकान्यात हीच सही होती.

सगळ्यात जुना कागद ती पुण्याला शिकायला गेली त्या जूनमधला होता. त्याच महिन्यात बाबा सुपरवायझर झाले होते. जमनाचा चेहरा आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई, रखमाबाई, चहा घेऊन आल्या. लेकीने घाईने लॅपटॉप मिटला.

"कुनीच न्हाई का केली सही?" त्या म्हणाल्या. "जाऊ दे माय. तुझे बाबा आस्ते ना, तर पयली सही त्यांनीच केली आस्ती."